मागाच्या खोलीचा उंबरा

दोन मार्च, रविवार. मागाच्या खोलीतलं भंगार काढायचं होतं. मी डोक्याला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला, नवऱ्याच्या हातात पहार दिली आणि दार ढकललं. ते अर्धंच उघडलं, कारण आतून गणपतीच्या मखराचे सांगाडे दाराला टेकून उभे होते. त्यांच्यामागे दोन मोडक्या सायकली, पाण्याची फुटकी टाकी, माझ्या लग्नात आलेलं आणि कुणालाच न आवडलेलं कपाट, आणि सासूबाईंनी 'लागतील कवातरी' म्हणून ठेवलेली बरण्यांची झाकणं. बरण्या नव्हत्या. नुसती झाकणं.

ही खोली म्हणजे आमच्या माधवनगरच्या घराच्या परसातली लांबोडकी शेड. सासऱ्यांनी तिथं उभ्या आयुष्यात दोन यंत्रमाग चालवले. पुढे ते विकले. माग गेले तरी दोन गोष्टी घरात राहिल्या: जमिनीत रुतलेले लोखंडी बोल्ट आणि सासऱ्यांचं बहिरेपण. बोल्टांचा त्रास कुणाला नव्हता. बहिरेपणाचा त्रास सासऱ्यांना सोडून सगळ्यांना होता. घरात कुणी काही बोललं की ते विचारत, "काय म्हन्ती?" आणि सासूबाई तेच वाक्य त्यांच्या कानाशी पुन्हा म्हणत, गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात. एकदा मी नवऱ्याला हळूच म्हटलं की हल्ली मला अचानक घाम फुटतो, वयामुळं असेल. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं मला आवळ्याचा रस सुरू करायला सांगितलं.

मला त्या शेडमध्ये स्वतःची जागा करायची होती. माझी आणि नवऱ्याची. एक खोली, आत संडास-न्हाणी, एक छोटा ओटा आणि आतून कडी लागेल असं एक दार. यातलं कडी हे मुख्य, बाकी सगळं तिच्या सोबतीनं.

कारण सांगते. आमचं घर पुढून मागं असं आहे: सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर, परस. संडास परसात. सासूसासरे सोप्यात झोपतात, धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची दोन पोरं माडीवर. माडीचा जिना सोप्यातून. मधली खोली आमची. म्हणजे घरातल्या कुणालाही संडासाला, न्हाणीला, स्वयंपाकघरात किंवा फ्रिजकडे जायचं असेल तर रस्ता आमच्या पलंगाच्या पायथ्यावरून. खोलीला दोन दारं, दोन्हींना कड्या, आणि लग्न होऊन आल्यापासून त्या कड्या एकदाही लागलेल्या नाहीत, कारण रस्त्याला कडी कोण लावणार? पडदा होता. पडद्याला घुंगरू लावून बघितलं, पण त्यामुळं येणारा कळायच्या ऐवजी आम्ही जागे आहोत हे येणाऱ्याला कळायला लागलं. आम्हाला एक मुलगी झाली, ती आता पुण्यात नोकरीला आहे. ती कशी झाली याचं मला अजून नवल वाटतं.

इतकी वर्षं मी हे चालवलं, कारण सगळेच चालवत होते. मग गेल्या दिवाळीत साताऱ्याला भावाच्या नव्या फ्लॅटवर गेले. तिथं माणसं तीन आणि आतून लागणारी दारं चार. वहिनी दुपारी जेवण झाल्यावर उठली, खोलीत गेली आणि कडी लावली. मी भावाला विचारलं, "बरं नाही का तिला?" तो म्हणाला, "का? झोपली असेल, नायतर जागी असेल. काय करायचंय आपल्याला?" हे 'काय करायचंय आपल्याला' मला फार आवडलं. सांगलीपर्यंत एसटीत मी त्याचाच विचार करत आले.

मी कुपवाडला एका कारखान्यात माल तपासायला असते. दिवसभर पट्टी आणि मापाचं काम. त्यामुळं खोलीचा नकाशा मी स्वतःच काढला. अकरा फूट रुंद, अठरा फूट लांब. मागच्या भिंतीशी न्हाणी-संडास, कारण मैलापाण्याची वाट तिथूनच जवळ. मग ओटा, मग कपाट आडवं टाकून त्याचीच भिंत, आणि पुढे पलंग. उशाशी दिव्याचं बटण, म्हणजे दिवा घालवायला उठायला नको. ओट्याची उंची माझ्या मापाची. स्वयंपाकघरातला ओटा सासूबाईंच्या मापाचा आहे आणि त्या माझ्या खांद्याला लागतात, त्यामुळं मी आयुष्यभर वाकून भाकरी थापली. पैसे माझे साठवलेले होते, म्हणून त्या बाजूनं कुणाला बोलायला जागा नव्हती. बाकी सर्व बाजूंनी होती.

नवऱ्याला नकाशा दाखवला. तो म्हणाला, "चांगलंय. आईला विचारलं का?" त्याचं हे वाक्य इतकं ठरलेलं आहे की मी उत्तर न देता पुढचं बोलते.

सासूबाईंना विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, "आत्या, मागाची खोली नीट करून घेते. आम्ही तिकडं झोपत जाऊ. तुम्हाला मधली खोली मोकळी होईल."

"कर की. पडूनच हाय."

"आत संडास काढते."

"काढ. सगळ्यास्नी बरं."

"सगळ्यांना नाही, आत्या. आतून आहे तो. आमचा."

त्या शेंग फोडायच्या थांबल्या. सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हन्ती?" सासूबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या, "सूनबाई सोताचा संडास बांदत्याय." पलीकडच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई कठड्याशी आली.

तरी हे सगळं खपलं. ओट्याला त्यांनी 'इस्त्रीचा ओटा' म्हणायचं ठरवलं, आणि मीही म्हटलं, म्हणा. त्यावर विजेची किटली राहिली तरी चालणार होतं, गॅस नाही. मला गॅस नकोच होता. दोन वेळचं जेवण सगळ्यांत आयतं मिळत असताना वेगळा स्वयंपाक करायला मला काही वेड लागलं नव्हतं. जाऊ तर खूश होती. ती रोज संध्याकाळी येऊन बघायची, भिंतीला हात लावायची आणि कुजबुजायची, "अक्का, तुमचं एकदा होऊ द्या. मग मी वर जिन्याला दार लावते." तिच्या दोन्ही पोरांनी मधल्या खोलीत टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा हे ठरवून खिळासुद्धा मारला होता. आम्ही अजून तिथं झोपत होतो. तो खिळा माझ्या डोक्याच्या बरोबर वर होता.

मिस्त्रीचाचांनी काम धरलं. गल्लीतलं प्रत्येक घर त्यांनी कधी ना कधी फोडलंय आणि जोडलंय. बोल्ट कापायला दोन दिवस गेले. एक बोल्ट काही केल्या कापेना, पातं तुटलं. चाचा म्हणाले, "वैनी, ह्याच्यावर पलंग टाका. ह्यो काय आता जात न्हाई." तसा तो आजही पलंगाखाली आहे. झाडू मारताना सांभाळावं लागतं.

मग चौकट बसवायचा दिवस आला आणि तिथं सगळं अडलं.

चौकट चार बाजूंची होती. दोन उभ्या, एक वर, एक खाली. खालची म्हणजे उंबरा. सासूबाई परसात आल्या, चौकट भिंतीला टेकवलेली बघितली आणि म्हणाल्या, "ही खालची कापा."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आत्या, परसाचा उतार खोलीकडं आहे. उंबरा नसला तर पाणी आत येईल. उंदीर येतील."

"न्हानीला उंबरा घाल की. हितं नको."

"न्हाणीला घालून काय उपयोग? पाणी बाहेरून येणार."

"खोलीला उंबरा नसतोय," त्या म्हणाल्या. "उंबरा घराला असतोय."

त्यांचं म्हणणं मला कळलं होतं, फक्त ते कळल्याचं दाखवायचं नव्हतं. सासऱ्यांचं गाव वडूजच्या पलीकडं, कोरडवाहू. तिथं सगळा हिशोब उंबऱ्यावर चालतो. गाव केवढं, तर इतक्या उंबऱ्यांचं. यात्रेची पट्टी, म्हणजे वर्गणी, उंबऱ्यामागं. लग्नाची अक्षत उंबऱ्यामागं. यात्रेच्या बैठकीत उंबऱ्यामागं एकालाच तोंड उघडता येतं. भाऊ वेगळे झाले हे गावाला सांगावं लागत नाही. नवा उंबरा बसला की समजतं. आमचं घर माधवनगरला येऊन जमाना झाला, तरी गावच्या यादीत आम्ही आहोत, एक उंबरा म्हणून. आणि सासूबाईंना तो एकच ठेवायचा होता.

"आत्या, मी वेगळी निघत नाही. जेवायला इथंच येणार."

"सगळी असंच म्हन्त्यात."

चौकट खालून कापली. मी ठरवलं, उंबरा नाही तर नाही, कडी तर आहे. कडी वरच्या बाजूला होती, तिच्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. पण त्याच दिवशी परसात एक बादली पाणी ओतून बघितलं. ते सरळ खोलीत गेलं, पलंग येणार होता त्या जागेपर्यंत, आणि बोल्टापाशी थांबलं.

मग मी दारात शहाबादी फरशीचा तुकडा आडवा बसवून घेतला, चार बोटं उंच. सासूबाईंना सांगितलं, हा उंबरा नाही, ही पाणी अडवायची फरशी आहे. त्या आल्या. चप्पल काढली आणि खोलीत शिरल्या. परत बाहेर आल्या. पुन्हा आत गेल्या.

"पाय उचलावा लागतोय," त्या म्हणाल्या.

"मग?"

"पाय उचलावा लागला की उंबरा. तू त्याला काय बी म्हन."

एवढी स्पष्ट व्याख्या कारखान्यातसुद्धा मिळत नाही. मला ती पटली नाही, पण मापात बसवता येईल अशी होती. पाय उचलावा लागू नये आणि पाणी अडावं. दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कुपवाडला जाताना गाडी कारखान्याच्या फाटकासमोरच्या गतिरोधकावरून गेली, तेव्हा सुचलं. मधे उंच, दोन्हीकडून उतार. पाय उचलायचा नाही, नुसता चढायचा.

चाचांना सांगितलं. त्यांनी थापी खाली ठेवली. "वैनी, चाळीस वर्षं काम करतोय. घरात गतिरोधक कुनी मागितला न्हाई."

"पट्टे मारायची गरज नाही," मी म्हटलं.

गतिरोधक झाला. सासूबाईंनी तपासला. त्यांच्या मते पाय अजून उचलत होता. चाचांनी पुरता वाळायच्या आत घासून कमी केला. पुन्हा तपासला. पुन्हा घासला. चौथ्या खेपेला सासूबाई पाय फरफटत आत गेल्या, फरफटत बाहेर आल्या आणि "आता बरं हाय" म्हणाल्या. तोवर त्याचा उंचवटा एवढा राहिला होता की डोळ्यांना दिसत नव्हता, फक्त खुर्ची ओढताना समजत होता.

खोली पूर्ण झाली. पांढऱ्या फरशा, पिस्त्याच्या रंगाच्या भिंती, उशाशी बटण. पलंग आणून ठेवला, पण झोपायला गेलो नाही. सासूबाईंचं म्हणणं, यात्रा होऊ दे. आधी चैत्रातली यात्रा, मग नवी जागा. मी म्हटलं, ठीक. इतक्या वर्षांत आणखी पंधरा दिवस.

त्याच पंधरा दिवसांत चुलत सासरे यात्रेचं सांगायला आणि पट्टी गोळा करायला आले. सासऱ्यांचे धाकटे भाऊ. गावच्या यात्रेचे पंच, पांढरा शर्ट, टोपी, आणि खिशात घडी घातलेली यादी. दरवर्षी येतात, चहा घेतात, सासऱ्यांच्या कानाशी गावच्या बातम्या ओरडतात आणि जातात. या खेपेला त्यांनी खोली बघायची म्हटलं. गावापर्यंत बातमी पोचली होती. आमच्या घरातली बातमी पोचायला काही लागत नाही.

मी त्यांना पलंगावर बसवलं आणि किटली लावली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. नवरा त्यांच्यामागं. जाऊ कपड्यांची बादली घेऊन परसात बराच वेळ एकच चादर पिळत होती.

चुलत सासऱ्यांनी भिंती बघितल्या, न्हाणी बघितली, नळ सोडून बघितला. मग दाराकडं बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "उंबरा कुठाय?"

"न्हाई घातला," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"खोली हाय ती."

"वैनी, खोली कशी? संडास हाय, ओटा हाय, दार हाय. निस्ता उंबरा घातला की घर झालं." ते पुढं सरकून बसले. "तुमास्नी म्हाईत न्हाई, वरच्या आळीनं काय चालवलंय. एकेका घरात चार चार उंबरं दावल्यात. गोठ्याला उंबरा घातलाय एकानं. बैठकीत त्यांची माणसं बसायला सतरंजी पुरत न्हाई, आन आपलं हिकडं मी एकटा बोलतोय. माधवनगरचं दोन उंबरं लिवलं तर आपल्यातलं आनखी एक माणूस वाढंल. पालखी खालच्या आळीतनं पयल्यांदा न्यायची का न्हाई, तेवढ्यावर हाय."

म्हणजे जो उंबरा मी पाणी अडवायला मागत होते, तो यांना पालखी वळवायला हवा होता. मी कपात साखर घातली. आयुष्यात पहिल्यांदा सासरचा एक वडीलधारा माणूस माझ्या बाजूनं बोलत होता, आणि कारण ऐकून मला त्याच्या बाजूला उभं राहायला नको वाटत होतं.

"एकच लिवा," सासूबाई म्हणाल्या.

"आवं पण वैनी—"

"भावजी, तुमी घातलासा की तुमचा उंबरा. आमी गावात हुतो तवा. मला आटवतंय. त्याच्या आदी तुमच्या घरची गरम भाकर आमच्या ताटात यायची. पोरं कुठं जेवली ते रातीला मोजायला लागायची. उंबरा घातलासा आन दुसऱ्या सनाला तुमच्याकडनं निमंत्रान आलं. भाकर न्हाई, निमंत्रान. कुकू लावून."

चुलत सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ते त्या वक्ताला तसं झालं, वैनी."

"ह्या वक्ताला काय येगळं हुनार हाय?" हे त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं.

मी काही बोलायच्या आत जाऊ ओरडली, "अक्का, पाणी."

त्या दिवशी पाण्याची पाळी होती. सासऱ्यांनी पाहुणा आला म्हणून घाईनं गच्चीवरची टाकी भरायला मोटर लावली आणि सोप्यात जाऊन बसले. टाकी भरली, वाहायला लागली. टाकी वाहायला लागली की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. सासऱ्यांना जात नाही. गच्चीवरचं पाणी पन्हळीतून परसात, परसातून उतारानं माझ्या खोलीकडं. गतिरोधकापाशी ते क्षणभर थांबलंसुद्धा. मग सरळ चढून आत आलं, सासूबाईंची चप्पल सोबत घेऊन.

नवरा मोटर बंद करायला पळाला. चुलत सासऱ्यांनी दोन्ही पाय पलंगावर घेतले आणि यादी खिशातून काढून उंच धरली. मी झाडू घेऊन पाणी बाहेर लोटायला लागले, तेव्हा गतिरोधकाचा खरा गुण समजला. आत येणाऱ्या पाण्याला त्यानं अडवलं नव्हतं, पण बाहेर जाणाऱ्या पाण्याला तो चांगलाच अडवत होता. जितकं लोटावं तितकं परत यायचं. जाऊ तांब्यानं भरून बाहेर फेकत होती. सासूबाईंनी पदर खोचला, खाली बसल्या आणि पोतेऱ्यानं पाणी टिपून बादलीत पिळायला लागल्या. त्यांना मी "आत्या, राहू द्या, गुडघे दुखतील" म्हटलं. त्या म्हणाल्या, "गप. हात चालीव."

सासरे परसात आले. सगळ्यांना बघितलं. "काय झालं?" त्यांच्या कानाशी ओरडायला कुणी मोकळं नव्हतं. मग ते स्वतःच पाण्याकडं बघून म्हणाले, "उंबरा न्हाई व्हय ह्याला? मागाच्या वक्ताला हुता. सूत भिजायचं. मी सोता घातलावता."

सासूबाईंचा हात थांबला. माग चालू असताना त्या शेडच्या आत कधी फिरकल्या नव्हत्या. "कवा?"

हे त्यांना कसं ऐकू गेलं कोण जाणे. "माग बसवलं तवा. न्हाईतर कापडाचा चिखल झाला नसता? माग इकलं तवा त्ये न्यायला उंबरा काडला. बाहीरच जाईना त्याच्यावरनं."

मी झाडू भिंतीला टेकवला. चुलत सासरे पलंगावरून म्हणाले, "म्हंजे तवाबी दोन उंबरं हुतं आन तुमी एकाचीच पट्टी दिली?"

सासऱ्यांना हे ऐकू आलं नाही. बहुतेक.

सासूबाई बादली धरून उठल्या. पाणी परसात ओतलं. परत आल्या, दाराची चौकट खालपासून वरपर्यंत बघितली. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. त्या मला म्हणाल्या, "घाल उंबरा."

"बघा," चुलत सासरे म्हणाले आणि पेन काढलं. "दोन लिवतो."

"एकच लिवा." त्यांचा आवाज सासऱ्यांशी बोलायचा होता, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "दोनी उंबऱ्यास्नी रोज हळदकुकू मी लावनार. ज्या उंबऱ्यास्नी एका हातचं हळदकुकू, त्ये घर एक. बोलवा तुमचा पंच आन सांगू द्या मला न्हाई म्हनून."

चुलत सासरे स्वतःच पंच. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, "आईला विचारा." त्यांनी पेन खिशात घातलं, पाय खाली सोडायला कोरडी जागा शोधली आणि चहा मागितला. किटली सुरू होती ती सुरूच होती. सगळं पाणी आटलं होतं.

उंबरा बसायला यात्रा होऊन गेली. चाचांनी गतिरोधक फोडला. फोडताना ते आनंदात दिसले. काळ्या ग्रॅनाईटची जाड पट्टी बसवली. तिच्याखाली सासूबाईंनी हळकुंड आणि सुपारी ठेवली. पाय चांगला उचलावा लागतो. पहिल्याच दिवशी नवऱ्याला ठेच लागली. जावेनं उंची मापून घेतली, जिन्यासाठी.

मला आनंद व्हायला हवा होता. दार, कडी, उंबरा, सगळं मिळालं होतं. पण मी रोज मालाचे दोष शोधणारी बाई. सासूबाईंची अट मला उंबरा बसल्यावर पूर्ण दिसली. त्या पहाटे पाच वाजता उठतात. पुढच्या उंबऱ्याला पाणी घालून हळदकुंकू लावायचं, मग परसातून इकडं यायचं. आणि त्यांना मुकाट्यानं काही करता येत नाही. उंबरा धुतलेला नसला की हाक मारणार. रांगोळी कुठाय विचारणार. दार उघडलं की आत डोकावून, उठलात का, चहा टाकू का, तुला काल घाम आलता का, आणि मग सोप्यातून "काय म्हन्ती?" इतकी वर्षं आमच्या पायथ्यावरून सगळं घर संडासाला जात होतं. आता एकटी बाई देवाच्या कामाला दारात येणार होती. तिला नाही कसं म्हणायचं? आणि तिनं तर माझा उंबरा वाचवला होता.

उंबरा बसला त्या संध्याकाळी पोरांनी मधल्या खोलीत टीव्ही लावला. आम्ही आमच्या उशा उचलल्या आणि परसातून नव्या खोलीत गेलो. सासूबाई सोप्यातून म्हणाल्या, "सकाळी येते गं."

दुसऱ्या दिवशी मी पावणेपाचला उठले. बादलीभर पाणी घेऊन उंबरा धुतला, फडक्यानं कोरडा केला. कडेला रांगोळीची बोटं ओढली. हळदकुंकवाचा करंडा बाहेर कोनाड्यात ठेवला, त्यांना मागायला लागू नये म्हणून. बाहेरचा दिवा लावला. मग आत आले, कडी घातली, दोनदा ओढून बघितली, आणि पलंगावर आडवी झाले. थोड्या वेळानं परसात त्यांची पावलं आली. बाहेर थांबली. करंड्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. "जागी हाईस का?" त्यांनी विचारलं, त्यांच्या मानानं बऱ्यापैकी हळू. नवऱ्यानं तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि सात वाजेपर्यंत झोपले.